ताळा तुझा तू कर

वाचकाचं पत्र:

'मॅडम, मी चाळीसगाव तालुक्यातली. नाशिकला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहते. दहावीला गणितात ९६ होते, सीईटीतही गणितानेच तारलं. आणि आता एम-वनला (इंजिनिअरिंगच्या गणिताच्या पहिल्या पेपरला) बॅक राहिलाय. बाबांना मार्क अजून सांगितलेले नाहीत. सर फळ्यावर सोडवतात तेव्हा सगळं कळतं. व्हिडिओ बघताना कळतं, इतकं कळतं की मी ते दीडपट वेगाने बघते. मैत्रिणीने सांगितलं तरी कळतं. पण पेपर हातात आला की सुरुवातच सुचत नाही. ऑयलरच्या प्रमेयावरचं गणित तर पाठ होतं, ते आलंही, तरी त्यात शून्य मिळालं. ते गणित आणि माझं उत्तर सोबत पाठवते. सर खूप भरभर शिकवतात, एक अख्खं युनिट त्यांनी स्लाइडवरच संपवलं. एका क्लासची चौकशी केली, फी १४ हजार आहे. आई बचत गटातून उचल घ्यायला तयार आहे. क्लास लावू का? की गणित माझ्या डोक्यातलंच नाही? पेपरला साडेतीन महिने आहेत.'
— एम-वनमध्ये अडकलेली

उत्तर:

मुली, तुझं पत्र वाचताना मी 'कळतं' या शब्दाखाली रेघ मारत गेले. एवढ्याशा पत्रात तो चारदा आलाय. आणि तू काही खोटं लिहिलेलं नाहीस. त्या त्या वेळी खरंच कळत असतं. आईला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी थापताना तू लहानपणापासून बघितलंय. पीठ किती मळायचं, परातीत ती कशी फिरवायची, तव्यावर टाकल्यावर पाणी कधी फिरवायचं, सगळं तुला कळतच होतं. तरी पहिल्यांदा स्वतः थापायला बसलीस तेव्हा ती उचलताना मध्येच फाटली असणार. बघण्यातलं कळणं डोळ्यांपाशी राहतं, हातापर्यंत ते आपोआप उतरत नाही.

हे मला कधी उमगलं ते सांगते. चौतीस वर्षं मी सीनियर कॉलेजात गणित शिकवलं. सुरुवातीची दहा-बारा वर्षं माझा फळा फार नीटनेटका असायचा. पायरीखाली पायरी, बरोबरच्या चिन्हाखाली बरोबरचं चिन्ह. मुलं माना डोलवायची, मी समाधानाने घरी जायची. एकदा पहिल्या वर्षाच्या तासाला लिमिटचं एक गणित पूर्ण सोडवून झाल्यावर मी फळा पुसला, वह्या मिटायला सांगितल्या आणि म्हटलं, आता हेच गणित कोऱ्या कागदावर करून दाखवा. आकडेसुद्धा तेच. पाच मिनिटांपूर्वी सगळ्यांना कळलं होतं. शेवटपर्यंत पोचले ते बोटांवर मोजण्याइतके. बाकीच्यांची पेनं तिसऱ्या-चौथ्या ओळीवर थांबली होती. त्या दिवशी माझ्या पोटात गोळा आला. इतकी वर्षं मी ज्याला शिकवणं म्हणत होते, त्यात गणित करत होते मी, आणि मुलं ते उतरवून घेत होती. म्हणजे माझा सराव उत्तम होत होता.

म्हणून तुझ्या सरांबद्दल आधी बोलते. भरभर शिकवणं, स्लाइडवर युनिट उरकणं हे चांगलं नाही. गणिताची पायरी फळ्यावर डोळ्यांदेखत जन्माला यावी लागते. ती आयती समोर आली की मागचा विचार दिसत नाही. तुझी तक्रार मला मान्य आहे. पण ती शंभर टक्के खरी धरली तरी तुझ्या हातात त्यातून काय पडतं? सर बदलणं तुझ्या हातात नाही. सिलॅबस कमी करणं तर सरांच्याही हातात नाही. तुझ्या हातात एकच गोष्ट आहे आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोठी आहे. आपल्याला समजलं की नाही, आपलं उत्तर बरोबर की चूक, हे ठरवायचं काम तू दुसऱ्यांकडे देऊन बसली आहेस. ते परत घे.

शाळेत या कामाला एक छान शब्द होता. ताळा. आठवतंय? १४३ ला ६ ने भागायचं. भागाकार २३, बाकी ५. मग बाई म्हणायच्या, ताळा करा. सहा गुणिले तेवीस, एकशे अडतीस. त्यात बाकी पाच मिळवले, एकशे त्रेचाळीस. जुळलं. बाईंना वही दाखवायच्या आधीच तुला माहीत असायचं की आपलं बरोबर आहे. नऊ-दहा वर्षांच्या मुलीला कुणालाही न विचारता ठामपणे सांगता येतं की हे बरोबर आहे. इतिहासात, भाषेत, बाकीच्या कुठल्याच विषयात या वयात इतकं स्वातंत्र्य मिळत नाही. गणिताची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच.

मग हे काम तुझ्या हातून हळूहळू सुटत गेलं. पुस्तकाच्या मागे उत्तरसूची आली. क्लासच्या सरांची लाल खूण आली. सीईटीत तर गणिताचे ५० प्रश्न, ९० मिनिटं आणि प्रत्येक प्रश्नाखाली चार पर्याय. आपलं उत्तर त्या चारांत नसलं तर कुठेतरी चुकलंय हे पेपरच सांगायचा. पर्याय उलटे घालून बघितले तर कधी कधी गणित सोडवावंही लागायचं नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून शेवटी उरलेल्या प्रश्नांना अंदाजाने क्लिक करून टाकायचं. यात तुझी काही चूक नाही, त्या परीक्षेला तीच रीत लागते. पण दोन वर्षं ताळा दुसऱ्या कुणीतरी करून दिला. एम-वनचा पेपर 'किंमत काढा' म्हणतो आणि गप्प बसतो. तुला जे 'सुरुवातच सुचत नाही' असं वाटतं ना, त्यातला मोठा भाग हा एकटेपणा आहे. हे बरोबर दिशेने चाललंय का, हे सांगणारं समोर कुणी नाही.

आता तुझं ते शून्य मिळालेलं गणित घेऊ. (आमच्या जुन्या वळणाप्रमाणे मी एक्स आणि वायला क्ष आणि य लिहिते, फलनाला फ.) ऑयलरचं प्रमेय तुला पाठ आहे: फ हे एका ठरावीक घाताचं एकजिनसी, म्हणजे तुमच्या भाषेत होमोजिनिअस, फलन असेल, तर क्ष गुणिले फचा क्षच्या दृष्टीने पार्शल डेरिव्हेटिव्ह (म्हणजे य स्थिर धरून काढलेला), अधिक य गुणिले फचा यच्या दृष्टीने पार्शल डेरिव्हेटिव्ह, यांची बेरीज घात गुणिले फ इतकी येते. हे वाक्य तुझं पाठ आहे. पण ते तू कधी तपासून बघितलंस का? अगदी साधं घे. फ = क्ष³ + य³. क्षच्या दृष्टीने डेरिव्हेटिव्ह ३क्ष², त्याला क्षने गुणलं, ३क्ष³. तसंच यचं, ३य³. बेरीज ३ गुणिले फ. घात ३ होता, ३ बाहेर आला.

थोडं पुढे जा. फ = क्ष² गुणिले य. क्षच्या बाजूने येतात २क्ष²य, यच्या बाजूने येतं एक क्ष²य. दोन तिकडून आले, एक इकडून, मिळून तीन. इथे जरा थांब आणि बघ काय झालं ते. डेरिव्हेटिव्ह घेताना घात खाली उतरतो, आणि क्षने किंवा यने गुणल्यावर कमी झालेला घात भरून निघतो. म्हणजे प्रत्येक पद स्वतःच्या घातांची बेरीज पुढे लावून जसंच्या तसं परत येतं. निदान बहुपदीपुरतं प्रमेयाचं सगळं मर्म एवढंच आहे. हे एकदा स्वतःच्या हाताने झालं की पाठ करायला काही उरत नाही.

आणि आता प्रमेय मोडून बघ. फ = क्ष³ + य² घे. उत्तर येतं ३क्ष³ + २य². एका पदाने ३ आणले, दुसऱ्याने २, फच्या पटीत काही येईना. म्हणजे 'एकजिनसी' हा शब्द प्रमेयात शोभेसाठी आलेला नाही. तो काढला की इमारत खाली येते.

तुझ्या पेपरातलं फलन होतं (क्ष² + य²) भागिले (क्ष + य), आणि त्या सगळ्याचा साइन इन्व्हर्स, म्हणजे ज्याचा साइन तेवढा येतो तो कोन. तू आतला अपूर्णांक बघितलास: वर घात दोन, खाली एक, म्हणजे घात एक. लगेच उत्तर लिहिलंस: एक गुणिले फ, म्हणजे फ. पण प्रश्न असा होता की फ एकजिनसी आहे का? घात एक असलेल्या फलनाची ओळख अशी की क्ष आणि य दोन्ही दुप्पट केले की फलनाची किंमतही दुप्पट होते. करून बघ. क्ष आणि य दोन्ही अर्धा घे. वर पाव अधिक पाव, अर्धा. खाली अर्धा अधिक अर्धा, एक. अपूर्णांक अर्धा, आणि साइन इन्व्हर्स अर्धा म्हणजे ३० अंश. आता दोन्ही दुप्पट कर, एक आणि एक. वर दोन, खाली दोन, अपूर्णांक एक, साइन इन्व्हर्स एक म्हणजे ९० अंश. तीसचे साठ व्हायला हवे होते, झाले नव्वद. कॅल्क्युलेटरही लागला नाही, अर्ध्या मिनिटाचं काम. प्रमेय फला लागू नाही, ते साइन फला लागू आहे, कारण साइन फ म्हणजेच तो आतला अपूर्णांक. तिथे प्रमेय लावलं की डावीकडे कोसाइन फ गुणिले आपली हवी असलेली बेरीज आणि उजवीकडे साइन फ. भागाकार केला की उत्तर टॅन फ.

परीक्षेच्या खोलीत हा ताळा तुला कुणी करू दिला नसता असं नाही. ताळा करायचा असतो हेच आठवलं नाही. आणि या एका चुकीवरून 'गणित माझ्या डोक्यातलंच नाही' असा निकाल तू लावू नकोस. दहावी-बारावीत तू जे केलंस ते डोक्याशिवाय होत नाही.

नाशिकला राहतेस म्हणून एका माणसाची आठवण करून देते. नाशिकरोडवरून मुंबईकडे निघालं की पुढचं स्टेशन देवळाली. तिथल्या शाळेत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे गणिताचे शिक्षक होते. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठातली नोकरी नाही. शाळा सांभाळून हा माणूस आकड्यांशी खेळत राहिला. त्यांनी दाखवून दिलं की सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाने लावलेली संख्या वजा करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. फार तर सात वेळात तुम्ही ६१७४ वर पोचता. आता ते देवळालीचे आहेत किंवा जगभर ६१७४ ला कापरेकर स्थिरांक म्हणतात, म्हणून यावर विश्वास ठेवू नकोस. करून बघ. त्यांचं जन्मवर्ष घेऊ, १९०५. ९५१० वजा ०१५९, ९३५१. पुढे ९५३१ वजा १३५९, ८१७२. मग ८७२१ वजा १२७८, ७४४३. त्यातून ३४४७ गेले, ३९९६. ९९६३ वजा ३६९९, ६२६४. ६६४२ वजा २४६६, ४१७६. आणि ७६४१ वजा १४६७, ६१७४. नेमक्या सात पायऱ्या. आता तुझं जन्मवर्ष घे आणि पुढचं वाचायच्या आधी खरंच करून बघ. मी थांबते.

केलंस? ६१७४ आलं असेल तर आत्ता जो छोटासा आनंद झाला तो लक्षात ठेव. आलं नसेल तर वजाबाकीत कुठे तरी हातचा चुकला आहे, आणि तो कुठे चुकला हे शोधायला तुला माझी गरज नाही.

तुझ्या तालुक्यातल्या पाटणादेवीला शाळेची सहल गेली असेलच. त्या पाटण्याच्या शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चंगदेवाने, मठ काढल्याचं कोरलंय. भास्कराचार्यांच्या लीलावतीत नियम थोडक्यात येतो आणि लगेच समोरच्याला प्रश्न येतो: आता तू सांग. साडेआठशे वर्षांपूर्वीचं पाठ्यपुस्तक, पण वाचणाऱ्याला बसून ऐकू देत नाही, कामाला लावतं. मला ते गुरूचं प्रेम वाटतं. आयतं उत्तर देणाऱ्यापेक्षा 'सांग बरं' म्हणणाऱ्याने आपल्यावर जास्त विश्वास टाकलेला असतो.

आता तुझा रोजचा अभ्यास. व्हिडिओ बंद करू नकोस, पण दीडपट वेग बंद कर. गणित स्क्रीनवर आलं की थांबव. वहीत स्वतः सुरुवात कर, दहा मिनिटं झगड. काहीच सुचलं नाही तर 'मला इथे काय दिलंय आणि काय हवंय' एवढं तरी मराठीत लिही. तू सेमी-इंग्लिशची असशील, तर शब्द ओळखीचे असतात पण लांबलचक इंग्रजी वाक्य डोळ्यांसमोरून नुसतं सरकतं. आपल्या भाषेत लिहिलं की कुठे अडतंय ते दिसतं. मग व्हिडिओ पुढे ने, पण एकच पायरी. ती पायरी तुझ्या मनात का आली नाही, हा प्रश्न स्वतःला विचार आणि पुन्हा थांबव. वीस मिनिटांचा व्हिडिओ दीड तास चालेल. चालू दे. दिवसाला दोनच गणितं झाली तरी मला चालतील, तीनशे बघितलेल्या गणितांपेक्षा ती जड आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मेसचा चहा व्हायच्या आधी, कालचं गणित वही मिटून कोऱ्या कागदावर कर. ही पंधरा मिनिटं मी तुझ्याकडून हट्टाने मागते आहे. ज्या ओळीवर पेन थांबेल तिथे लाल खूण कर आणि तारीख टाक. आठवड्याने त्या लाल खुणा एकत्र बघितल्यास की तुला तुझं स्वतःचं दुखणं सापडेल. मी पैजेवर सांगते, त्यातल्या निम्म्या खुणा एम-वनच्या नसतील. अपूर्णांक, कंस सोडवताना बदलणारं चिन्ह, लॉगचे नियम, त्रिकोणमितीची सूत्रं. क्ष² + य² चं वर्गमूळ क्ष + य असं लिहिणारी इंजिनिअरिंगची किती तरी मुलं मी पाहिली आहेत. ३ आणि ४ घालून बघितलं असतं तर एकीकडे ५ आणि दुसरीकडे ७ आले असते. असं काही सापडलं तर आठवीचं पुस्तक उघडायला लाजू नकोस. घरी धाकटी भावंडं असतील तर त्यांचंच मागव.

आणि प्रत्येक गणिताखाली ताळा लिही, शाळेत लिहायचीस तसा. इंटिग्रेशन केलं? उत्तराचा डेरिव्हेटिव्ह घे, मूळ फलन परत आलं पाहिजे. आयगेन व्हॅल्यू काढल्या? त्यांची बेरीज मॅट्रिक्सच्या मुख्य कर्णावरच्या बेरजेइतकी आणि गुणाकार डिटर्मिनंटइतका यायला हवा. लिमिट काढलं? क्ष ज्या संख्येकडे जातो तिच्याहून ०.०१ जास्त घालून कॅल्क्युलेटरवर बघ (त्रिकोणमिती असेल तर तो रेडियनवर ठेव, यात फार मुलं फसतात). समीकरण सोडवलं तर उत्तर परत समीकरणात घाल. महिनाभरात सवय लागेल, आणि एक दिवस पेपरात उत्तर लिहून झाल्यावर तू वर बघशील ते सुपरवायझरकडे नाही, घड्याळाकडे. वेळ उरला असेल.

हॉस्टेलवर असाइनमेंट कशा 'छापल्या' जातात ते मला माहीत आहे. एकीने सोडवायची, रात्री बाकीच्या अकरा जणींनी उतरवायची. सबमिशन होतं, सही मिळते. मी त्यावर रागावणार नाही. पण या टर्मला गणिताची असाइनमेंट तू छापू नकोस. चुकीची दिलीस तरी चालेल. मैत्रिणींबरोबर बसायचं असेल तर एक नियम करा: ज्या मुलीला कळलंय तिने पेन हातात घ्यायचं नाही. जिला कळलं नाही तिने लिहायचं आणि कळलेलीने नुसतं विचारायचं, 'इथे असं का केलंस?'

सरांकडे जा. 'सर, पार्शल डेरिव्हेटिव्ह कळलं नाही' असं म्हणत जाशील तर तेही बिचारे कुठून सुरू करणार? आपला कागद घेऊन जा आणि बोट ठेवून विचार: 'सर, इथपर्यंत माझं आलंय. या ओळीनंतर तुम्ही साइन फ धरलंय, ते कशावरून सुचलं?' माझ्या नोकरीत असा कागद घेऊन दारात उभ्या राहिलेल्या मुलाला मी कधी परत पाठवलं नाही, आणि भरभर शिकवणारे माझे सहकारीही अशा मुलासाठी खुर्ची ओढायचे. एकदा परत पाठवलं तर दुसऱ्यांदा जा. तो तुझा हक्क आहे, फी भरली आहेस.

राहिला क्लासचा प्रश्न. माझं उत्तर: आत्ता नको. आईला उचल घ्यायला लावू नकोस. सहा आठवडे वर सांगितलंय तसं कर. लाल खुणा कमी होत असतील तर क्लासची गरज नाही. सहा आठवड्यांनी खुणा तशाच राहिल्या, तर शिकवणीला जा, पण कॉलेजातल्याच सीनियर मुलीकडे, किंवा जिथे दहा-बाराच मुलं बसतात आणि गणित तुम्हाला करायला लावतात अशा ठिकाणी. पहिल्या दिवशी जाऊन फक्त एवढंच बघ की तासाभरात पेन कुणाच्या हातात जास्त वेळ होतं. सरांच्या हातात असेल तर तो तुझ्या कॉलेजचाच तास आहे, १४ हजार जास्त देऊन.

काहींना खरंच क्लास लागतो, हेही मला मान्य आहे. पाया फार कच्चा असेल, घरात शिकलेलं कुणी नसेल, कॉलेजात शिक्षकच नसतील, तर आधार घ्यावा, त्यात कमीपणा नाही. तुझं पत्र वाचून मला तू त्यातली वाटली नाहीस.

आणि बाबांना आज रात्री फोन कर. मार्क सांग. मार्क लपवले की गणित करायला बसल्यावरही डोक्यात तेच घुमत राहतं. फक्त मार्क सांगून थांबू नकोस. 'बाबा, काय चुकलं ते मला सापडलंय आणि क्लास न लावता मी हे असं असं करणार आहे' हेही सांग. ते रागावतील, कदाचित थोडा वेळ बोलणार नाहीत. पण मुलगी 'सर शिकवत नाहीत' म्हणते तेव्हा बापाला जी हतबलता वाटते, ती मुलगी 'मी हे करणार आहे' म्हणते तेव्हा वाटत नाही. मी आई आहे, मला माहीत आहे.

जबाबदारी हा शब्द मी मुद्दाम इतका वेळ टाळला. तुम्हा मुलांच्या कानावर तो नेहमी ओरड्याबरोबरच पडतो. कुणी चुकलं की जबाबदारी कुणाची म्हणून विचारतात. मी तो दोष द्यायला वापरत नाही. तुझ्या वहीची किल्ली तुझ्याकडे असावी, एवढाच त्याचा अर्थ माझ्या मनात आहे.

एक गणित देते, त्याचं उत्तर इथे छापणार नाही. फ = क्ष भागिले य. क्ष गुणिले फचा क्षच्या दृष्टीने पार्शल डेरिव्हेटिव्ह, अधिक य गुणिले यच्या दृष्टीने. किती येतं? उत्तर बघून तू आधी दचकशील आणि कुठे चुकलं म्हणून वर जाशील. मग क्ष आणि य दोन्ही दुप्पट करून बघ, फचं काय होतं ते. सुटलं की मला लिही, आणि उत्तरासोबत ताळाही पाठव.